बॉनेटखालची कल्हई

खंडेनवमीला हत्यारं पुसायची आणि दसऱ्याला पुजायची, ही रीत आमच्या घरात आता गाडीवर येऊन थांबली आहे. तलवार-भाला आमच्याकडे कधी नव्हताच. वडिलांचा पाना-पकडीचा डबा होता, तोही भंगारात गेला. उरली ती गाडी. म्हणून नवमीला ती धुवून आणायची, दसऱ्याला झेंडूचा हार घालायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी असाच धुलाईच्या रांगेत उभा होतो. नंबर आला तसं तिथल्या पोराने बॉनेट उघडून विचारलं, "इंजिनपण मारू का साहेब? दसरा आहे." मी म्हटलं, मार. त्याने फेस फवारला, मग पाण्याची धार बंदुकीसारखी रोखून कानाकोपऱ्यांतून फिरवली. पाच मिनिटांत इंजिन असं झालं, जणू शोरूममधून आजच आलंय. मी खूश होऊन त्याला वर पन्नास रुपये दिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या होळकर पुलावर गाडीने पहिला आचका दिला. दुसरा सिग्नलला. मग डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि तो विझेना. उभ्या गाडीचं इंजिन उचकी लागल्यासारखं थडथडत होतं. तशीच ती खडकी बाजारात नेली. तिथे ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे एक चाचा आहेत. दुकान म्हणजे दीड खण जागा, भिंतीवर टांगलेल्या वायरिंगच्या जुन्या जुड्या, एक बाकडं आणि बाकड्याखाली झोपलेलं मांजर. चाचांनी बॉनेट उचललं आणि ते चकचकीत इंजिन बघून कपाळाला आठी घातली. "पाणी कुणी मारलं?" एवढंच विचारलं.

पुढची वीस मिनिटं मी जे पाहिलं त्यातून हा लेख निघाला आहे. चाचांनी चारही इग्निशन कॉइल एकेक करून उपसल्या. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते, आणि प्लग एका खोल विहिरीत असतो. तिसऱ्या विहिरीच्या तळाशी चमचाभर पाणी साठलं होतं. चाचांनी चिंधीची वात वळून ती आत सोडली, वात पाणी प्यायली, मग हवेची नळी लावून जागा कोरडी केली. एवढ्यावर काम भागलं असतं. पण त्यांनी शेजारच्या सेन्सरचा कपलर खटकन सोडवला आणि माझ्यासमोर धरला. आत तीन पिना. त्यातल्या एका कडेच्या पिनेवर हिरवट भुकटी चढली होती. मी म्हटलं, परवाच्या धुण्यानेच ना? चाचा म्हणाले, "दोन दिवसांत एवढं हिरवं चढत नाही. हे जुनं दुखणं आहे. परवाच्या पाण्याने त्याला बोलतं केलं."

ती हिरवी भुकटी पाहून मला आठवलं आजीचं पितळेचं पातेलं. कल्हई गेलेल्या पातेल्यात कुणी चुकून ताक ठेवलं की आजी लांबूनच ओरडायची, "कळकेल ते!" तांबं आणि आंबट यांची गाठ पडली की जंगाल चढतो, हे घराघरांत माहीत होतं. उपायही माहीत होता: कल्हई. कल्हईवाला गल्लीत भाता मांडायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचा, आणि काळवंडलेलं भांडं क्षणात चांदीसारखं पांढरं व्हायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते असं हातासरशी पसरवता येतं.

गंमत अशी, की मोटारीच्या वायरिंगमधल्या बहुतेक पिनांना आजही कल्हईच केलेली असते. पिना तांब्याच्या मिश्रधातूच्या, वर कथलाचा पातळ थर. थर विजेच्या प्रक्रियेने चढवतात, नवसागराचा धूर होत नाही, एवढाच फरक. कथलावर हवेने एक कडक पण अतिशय पातळ पापुद्रा धरतो. कपलर दाबून बसवला की दोन्ही बाजूंचे पापुद्रे तडकतात आणि खालचं मऊ कथील कथलाला भिडतं. जोड पक्का झाला. पण इंजिन थरथरतं, तापतं, निवतं. पिन आणि तिचं घर एकमेकांवर काही मायक्रॉन सरकत राहतात. (आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा, म्हणजे ही हालचाल डोळ्यांना दिसणारी नव्हे.) दर सरकण्याला नवं कथील उघडं पडतं, त्यावर नवा पापुद्रा धरतो, तो पुन्हा तुटतो, आणि तुटलेला चुरा तिथेच साचत जातो. वर्षा-दोन वर्षांत जोडामध्ये काळी पूड बसते आणि वीज अडखळायला लागते. कपलर एकदा काढून घातला की गाडी सुधारते ती याचमुळे. पूड थोडी खरवडली जाते. मेकॅनिकच्या भाषेत "सॉकेट हलवलं, चालू झालं." महत्त्वाच्या ठिकाणी, म्हणजे एअरबॅगच्या किंवा काही नाजूक सेन्सरच्या पिनांना कल्हईऐवजी सोन्याचा मुलामा देतात. सोन्याला पापुद्राच धरत नाही. मात्र सोन्याची पिन कथलाच्या घरात बसवली, तर जोड दोन्हींपेक्षा वाईट ठरतो. सोयरीक सारख्यातच झालेली बरी.

आता खडकीतच बसून पितळ आणि पावसाळा म्हटल्यावर काडतुसांची आठवण न येऊन कसं चालेल? इथल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीची स्थापना १८६९ ची. काडतुसाची पुंगळी पितळेची असते, साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. या मिश्रणाला धातुशास्त्रात काडतुसी पितळ असंच नाव आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांना या पितळेने एक कोडं घातलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावत. (आपल्या फौजाही पावसाळ्यात छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करत, खडकीची लढाईसुद्धा पावसाळा उलटल्यावरची, ५ नोव्हेंबर १८१७ ची.) त्या महिन्यांत दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवला जाई. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना तडे गेलेले. ना मार लागलेला, ना गंज दिसणारा. हा रोग पावसाळी मोसमात होतो म्हणून इंग्रजीत त्याचं नावही मोसमावरूनच पडलं. उलगडा व्हायला १९२१ उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं, की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि पुंगळी ओढून काढताना धातूत राहिलेला ताण या तिघांची युती झाली की पितळ चिरतं. पुंगळ्या तापवून तो ताण काढून टाकला की तडे थांबतात.

घोडे गेले, पण बॉनेटखाली अमोनिया आणणारा दुसरा प्राणी आला. त्याच्याकडे पुढे येतो.

चाचांना मी विचारलं, गाडी तर मी कधी पाण्यात घातली नाही, मग ही जुनी ओल आली कुठून? त्यांचं उत्तर होतं, "गाडी श्वास घेते ना साहेब." मला वाटलं, शाब्दिक कोटी करतायत. पण ते अगदी शब्दशः खरं आहे. बॉनेटखालचे सेन्सर आणि पेट्या इंजिन चालू असताना सहज शंभर अंशांपर्यंत तापतात. त्यांतल्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा एक प्रचलित दर्जाच उणे ४० ते १२५ अंशांचा आहे. आत कोंडलेली हवाही तेवढीच तापते. अशा वेळी तुम्ही खडकी स्टेशनजवळच्या डबक्यातून गाडी काढता. थंड पाणी त्या पेटीवर उडतं आणि ती झटकन पंचवीस अंशांवर येते. आतल्या हवेचा दाब त्या हिशेबाने एक पंचमांशाने उतरतो. एक पंचमांश वातावरण म्हणजे दोन मीटर पाण्याच्या खांबाचा दाब. थोडक्यात, डबक्यात घोटाभर पाणी असलं तरी त्या पेटीच्या रबराला क्षणभर असं वाटतं, की आपण दोन मीटर खोल बुडालो आहोत. आणि नेमक्या त्या क्षणी रबराच्या फटीवर बाहेरून पाणी बसलेलं असतं. पेटी ते घोटभर ओढून घेते. गरम वरणाचा स्टीलचा डबा घट्ट झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवला, तर दुसऱ्या दिवशी झाकण निघता निघत नाही. तीच ओढ.

पाणी असं आत गेलं की बाहेर यायला मात्र तयार नसतं. दिवसा तापून त्याची वाफ होते, रात्री गाडी थंड झाली की ती पुन्हा सर्किटवर दव होऊन बसते. पूर्ण उघडी पेटी वाळते, पूर्ण बंद पेटीत काही शिरत नाही. घात करते ती अर्धवट बंद. म्हणून पावसाळा आला की मुख्य कॉम्प्युटरला, ज्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात, प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर चिकटपट्टी मारणाऱ्यांना मी आता हात जोडतो. पिशवीत पाऊस शिरत नसेल, पण आतली वाफ तिथेच राहते आणि डब्याची उष्णताही कोंडते.

गाडी बनवणाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. त्यांनी पेटीला नाक ठेवलं. अनेक पेट्यांवर आणि हेडलाइटच्या मागे बारीक गोल पांढरी टिकली किंवा टोपी दिसते. तिच्यात टेफ्लॉनचा ताणून केलेला पापुद्रा असतो. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलं. १९६९ साली बॉब गोर यांनी ते झटक्यात ताणून पाहिलं आणि त्याचा सूक्ष्म छिद्रांचा कापडासारखा पदर झाला. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही, कारण टेफ्लॉन पाण्याला जवळ करत नाही आणि छिद्रं थेंबाच्या मानाने अतिबारीक आहेत. पावसाळी ट्रेकिंगच्या महागड्या जाकिटांत हेच कापड असतं. पेटी तापली की या नाकाने हवा सोडते, निवली की हवा घेते, रबराच्या फटीवर ओढ पडतच नाही. आता या टिकलीवर कुणी अंडरकोटिंगचा काळा रंग मारला, किंवा "भोक दिसतंय, बुजवून टाकू" म्हणून सिलिकॉन भरलं, की पेटी पुन्हा रबराच्या फटीतून श्वास घ्यायला लागते. मी असं सिलिकॉन भरलेलं पाहिलं आहे. भरणाऱ्याने ते मोठ्या काळजीने भरलं होतं.

सिलिकॉनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त सिलिकॉन पिळताना जो शिरक्यासारखा आंबट वास येतो, तो अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचाच असतो. ते वाळताना हे आम्ल सोडतं. म्हणजे पिनांच्या शेजारी आपण स्वतःच्या हाताने ताक ठेवतो. आजी असती तर लांबूनच ओरडली असती.

धुळीबद्दल लोकांचा समज असा, की ती फक्त घाण दिसते. धूळ कोरडी असेपर्यंत ते जवळजवळ खरं आहे. शुद्ध पाणीही विजेला फारसं वाहू देत नाही. दोघं एकत्र आले की घोटाळा. धुळीत क्षार असतात आणि क्षारांना पाऊस लागत नाही, नुसता दमटपणा पुरतो. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. जुलैत झाकण लावून ठेवलेलं मीठही पाझरतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. जाड्या मिठात मिसळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. पुण्यात वर्षाला सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटरच पाऊस पडतो, कोकणवाल्यांना तो चेष्टेचा वाटेल; पण पावसाळाभर हवा या रेषेच्या वर असते. म्हणजे कपलरच्या कडेला बसलेली धूळ चार महिने ओलीच. मेट्रोच्या कामाच्या वर्षांत बोपोडी ते रेंजहिल्स या पट्ट्यात रोज ये-जा केलेल्यांच्या बॉनेटखाली तर सिमेंटची राखाडी साय जमली होती. अलिबाग-रत्नागिरीच्या गाड्यांना समुद्राचा खारा वारा फुकट.

त्या ओल्या धुळीच्या थरातून वीज कणाकणाने पाझरते आणि जाताना धातू वाहून नेते. ज्या पिनेवर सतत बारा व्होल्ट उभे असतात, ती आधी खाल्ली जाते. सर्किटवर तर तांब्या-कथलाचे कण एका रेषेपासून दुसऱ्या रेषेकडे नेच्याच्या पानासारखे वाढत जातात आणि एक दिवस दोन्ही रेषा जुळवतात. म्हणून सर्किटवर वार्निशसारखा पारदर्शक लेप देतात, किंवा अख्खं सर्किट रबरी रसायनात बुडवून गोठवतात.

माझ्या वडिलांच्या काळात एवढा कुटाणा नव्हता. प्रीमियर पद्मिनी पाण्यात बंद पडली की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, अर्ध्या तासाने गाडी चालू. तिथे पंधरा-वीस हजार व्होल्टची ठिणगी होती. ओल्या टोपीवरून ती भलतीकडे पळायची, पुसली की ताळ्यावर. बिघाड दिसायचा आणि दुरुस्तीला हातरुमाल पुरायचा. लोक टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवायचे. आजची गाडी उलट्या टोकाला आहे. भारत स्टेज सहाचे नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, सेन्सरांची संख्या आणखी वाढली, आणि त्यांचा बहुतेक कारभार पाच व्होल्टच्या आत चालतो. धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर तर व्होल्टाच्या दहाव्या भागापासून नऊ-दशांशापर्यंतच बोलतो. अशा कुजबुजीत जंगालाचा एक कण म्हणजे कुणीतरी मध्येच खोकावं तसं. कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो, ॲव्हरेज घसरतं, मालक पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घालतो.

याच ऑक्सिजन सेन्सरची एक खोड चाचांना पक्की ठाऊक होती. तुलनेसाठी त्याला बाहेरची स्वच्छ हवा लागते, आणि अनेक बनावटींत ती हवा त्याला स्वतःच्या वायरींच्या आतून, तारांच्या धाग्यांमधल्या पोकळीतून मिळते. त्याच्या कपलरमध्ये काळजीपोटी ग्रीस कोंबलं तर सेन्सर गुदमरतो. "सगळ्यांना तूप चालत नाही," चाचा म्हणाले.

बंद पेटीला नळीने श्वास द्यायची कल्पना फौजी गाड्यांतही दिसते. खडकीत राहणाऱ्याला फौजी वाहनांचं अप्रूप नसतं. बॉम्बे सॅपर्स इथलेच, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप इथलंच, आणि नदीपलीकडे दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय. नद्या ओलांडणं हे सॅपर्सचं रोजचं काम. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर उतरायच्या गाड्यांच्या इग्निशनवर ग्रीससारखा लगदा हाताने थापत. १९५० मध्ये अमेरिकन सैन्यासाठी आलेल्या एम-३८ जीपला मात्र चोवीस व्होल्टची संपूर्ण बंदिस्त इग्निशन दिली गेली आणि बंद डिस्ट्रिब्युटरला हवेसाठी नळ्या जोडल्या. थापण्याकडून श्वासाकडे झालेला हा बदल मला मोठा वाटतो.

आता ती धुलाईच्या पोराच्या हातातली बंदूक. विजेच्या भागांवर आयपी ६७ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ अजिबात आत नाही. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी चालेल. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण बुडवणं वेगळं आणि धार मारणं वेगळं. धारेसाठी स्वतंत्र परीक्षा आहे, जिची सुरुवात जर्मन मानकातून झाली: ८० अंश तापलेलं पाणी, ८० ते १०० बारचा दाब, दहा-पंधरा सेंटिमीटरवरून, चार कोनांतून, प्रत्येकी तीस सेकंद. त्यात उत्तीर्ण झालेल्या भागावर ६के९के असं लिहितात, आणि सातवाला भाग त्यात उत्तीर्ण होईलच असं नाही. शंभर बार म्हणजे एक किलोमीटर खोल पाण्याचा दाब. धार नोझलपासून लांब गेली की तो झपाट्याने उतरतो, पण पोराने नोझल तिथे वीतभरावर धरलं होतं. गरम इंजिनावर थंड पाणी मारलं, हे आणखी वर. दोन मीटरची ओढ आतून, धार बाहेरून. कारखान्याच्या चाचण्यांतही तापवलेल्या भागावर बर्फाचं पाणी मारायची एक चाचणी असते. १९६६ साली स्थापन झालेल्या, पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या संस्था असल्या तपासण्या करतात. पण त्या नव्या कोऱ्या भागांच्या असतात. आठ वर्षांच्या, उन्हाने कडक झालेल्या रबराची परीक्षा धुलाईवालाच घेतो.

म्हणजे इंजिन धुवायचंच नाही का? चाचांचं म्हणणं, गार इंजिन, ओलसर फडकं, मऊ ब्रश, आणि वाटलं तर लांबून हवेचा झोत. मलाही ते पटतं. थोडी कोरडी धूळ इंजिनाचं काही बिघडवत नाही.

खरी सफाई लागते ती दुसऱ्याच जागी. काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी जी प्लॅस्टिकची जाळी असते, तिच्याखाली एक पन्हळ आहे. काचेवरून उतरलेलं सगळं पाणी त्या पन्हळीतून दोन बाजूंच्या भोकांनी खाली जातं. कॅन्टोन्मेंटचे रस्ते सावलीचे, म्हणून आपण गाडी झाडाखाली लावतो. आणि ती झाडं म्हणजे चिंच, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष. वडाचं पान जाळीवरच अडतं, हाताने उचलता येतं. चिंचेची आणि गुलमोहराची तांदळाएवढी पानं जाळीतून सरळ आत पडतात, पन्हळीत कुजतात आणि भोकाशी त्यांचा चहाच्या चोथ्यासारखा लगदा बसतो. मग जोराच्या पावसात पन्हळ तुंबते आणि पाणी वाट काढतं, कधी पायाखालच्या गालिच्यात, कधी शेजारी बसवलेल्या ईसीएमवर. चाचांनी माझ्या गाडीची जाळी उचलली आणि डाव्या भोकातून ओंजळभर लगदा काढला. त्यात एक चिंचोका कोंबासकट होता.

पन्हळ म्हटलं की पागोळ्या आल्या. कौलाच्या टोकाशी पाणी भिंतीवर न ओघळता खाली गळावं म्हणून वळचण बाहेर काढतात. बॉनेटखालच्या वायरींनाही हेच शास्त्र आहे. वायर कपलरमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला असतो, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी झोळाच्या तळाशी पागोळीसारखं गळून जातं. मेकॅनिक काम झाल्यावर वायर "नीट दिसावी" म्हणून ताणून क्लिप मारतो, झोळ जातो, आणि पाणी उतारावरून थेट कपलरच्या तोंडाशी.

वायरीला टेस्ट लॅम्पची सुई टोचणं हा याहून वाईट प्रकार. सुईचं छिद्र दिसत नाही, पण त्यातून शिरलेलं पाणी तारांच्या धाग्यांमधून समईच्या वातीत तेल चढावं तसं चढतं आणि हातभर लांब असलेल्या पेटीच्या आत जाऊन बसतं. पेटीचं रबर शाबूत, आत पाणी, आणि सगळे कोड्यात. कपलरमधली रबराची तीन कड्यांची रिंग, प्रत्येक वायरीभोवतीचं छोटं बोंड, रिकाम्या भोकातलं बुच, यांतलं काहीही हरवलं तर आणून बसवायला हवं. ग्रीस लावायचं ते सिलिकॉनचं, आणि त्या रबरावर पुसटसं. हिरव्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवायच्या. डब्ल्यूडी-४० चा फवारा आणीबाणीत पाणी हुसकावतो. १९५३ साली ते बनलंच त्यासाठी, नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयोग. पण ते कायमचं कवच नव्हे, आणि मागे राहिलेल्या तेलकटपणावर धूळ छान बसते.

आता तो दुसरा प्राणी. उंदराला पावसाळ्यात उबदार, कोरडी जागा हवी असते आणि नुकतंच बंद केलेलं इंजिन त्याला देवाने दिलेलं घर वाटतं. गणपतीचं वाहन आपल्या वाहनात. तो वायरी कुरतडतो हे सगळ्यांना माहीत आहे; त्याच्या मुताकडे लक्ष जात नाही. क्षार आणि अमोनिया दोन्ही त्यात, तेही थेट कपलरवर आणि फ्यूज बॉक्सवर. त्या पागांमधला जुना रोग इथे लहान रूपात पुन्हा भेटतो. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, हिंगाची पुरचुंडी, सगळं करून झालंय लोकांचं. चाचांच्या बाकड्याखालचं मांजर मला सगळ्यांत खात्रीचं वाटलं.

अर्थिंगची एक गोष्ट सांगायची राहिली. बॅटरीची काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे रंगाखाली गंज शिरतो आणि लक्षणं भुतासारखी दिसतात: डावा इंडिकेटर दिला तर हेडलाइट मंद होतो. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असताना त्या जोडात ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या धातूला लावून सेल्फ मारायचा, आकडा ०.२ च्या वर गेला तर बोल्ट सोडून घासायचा. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी साय खायच्या सोड्याने पुसली जाते, वरून व्हॅसलीन.

पुराच्या पाण्याची कथा मात्र निराळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने गाड्या काडेपेट्यांसारख्या वाहून नेल्या. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. आधी बॅटरी सोडायची. पाण्यासोबत गटाराचे क्षार असतात, आणि वीज चालू राहिली तर पिना तासागणिक झिजतात. वाळवून चालू झालेली गाडीही पुढे दोन-तीन महिने एकेक सेन्सर मान टाकत जाते. नारिंगी जाड वायरी असलेल्या विजेच्या गाडीला तर हातच लावू नये, कंपनीच्या माणसाची वाट पाहावी.

माझ्या गाडीचं त्या दिवशी एका कॉइलचं रबर, एक कपलर आणि चाचांची मजुरी यांवर भागलं. पुढच्या खंडेनवमीला मी बॉनेट घरीच ओल्या फडक्याने पुसलं, उघडून आत कोरडा ब्रश फिरवला, आणि दसऱ्याला मोठ्या समाधानाने वायपरला झेंडूचा हार बांधला. दिवाळीच्या आधी चाचांकडे सहज डोकावलो, तर त्यांनी सवयीने काचेखालची जाळी उचलली. पन्हळीच्या डाव्या भोकात बोटं घालून त्यांनी बाहेर काढल्या कुजलेल्या, केशरी पाकळ्या. काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवल्या.